चौथा रकाना

"एक तरी चूक दाखवाल का, बाबा? बारा वर्षांत एक तरी?"

निरंजन वाकचौरे मठाच्या पायऱ्या तावातावाने चढून आला होता. धाप लागलेली असतानाच त्याने हा प्रश्न भैरवगिरीबुवांच्या अंगावर फेकला. नमस्कार करायचाही राहून गेला.

बुवा ओसरीवर परातीत तांदूळ घेऊन निवडत बसले होते.

"बस, हौसाच्या," ते म्हणाले. "आधी पाणी पी."

गावात त्याला अजूनही आईच्याच नावाने ओळखत. आज मात्र त्याला पाणीही नको होतं.

खाली तालुक्यात शिक्षण संस्थेच्या चाळीस शाळा होत्या, आणि त्या चाळीसच्या चाळीस त्याच्या सॉफ्टवेअरवर चालत. प्रवेश, हजेरी, निकाल, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं त्यातूनच निघे. आज चार वाजता संस्थेच्या सभेत त्या सॉफ्टवेअरला मूठमाती मिळणार होती. अध्यक्ष बुवांना मानत. बुवांनी एक शब्द टाकला, तर काम वाचणार होतं.

"चूक नाही, तर टाकतायत कशाला?" बुवांनी विचारलं.

"बाहेरच्या गोष्टींमुळे!" निरंजन उसळला. "सर्व्हरवाली कंपनी बंद पडली, तरी मी तगवलं. तीन अध्यक्ष बदलले, जुने कारकून निवृत्त झाले, तरी चालवलं. आता वरून फर्मान आलं, मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावा! माझे रकाने तीन. नाव, वडील, आडनाव. सगळं त्यांच्यावर उभं आहे. चौथा घुसवला, की कोसळतं. कारकून आईचं नाव पहिल्याच रकान्यात कोंबतात, मग पोर शोधून सापडत नाही, दाखले अडतात, आणि शिव्या मला! आतून माझं काम चोख होतं, बाबा. बाहेरच्यांनी मारलं त्याला."

त्याचे कान लाल झाले होते. बारा वर्षं जपलेलं काम लोक उकिरड्यावर टाकायला निघाले, तर कोणाचे होणार नाहीत?

बुवांनी परातीतले तांदूळ तळहाताने सारखे केले. मग काठापासून काठापर्यंत बोटाने तीन चौकोन ओढले.

"तुझं नाव लिही. एकेक अक्षर पुरे."

हा काय पोरखेळ, असं निरंजनच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तरी त्याने लिहिलं. स्वतःचा नि. वडील धोंडिबा, त्यांचा धो. वाकचौरेचा वा.

"आता हौसाचा ह."

निरंजनचं बोट परातीवर फिरलं. चौकोन भरले होते. बोट काठाला टेकलं, काठावरून खाली जमिनीवर आलं...

"बाहेर लिहू?"

"आई बाहेरची होय रे?"

निरंजनने बोट मागे घेतलं. पण राग काही उतरला नाही. "हे शहाणपण आता सगळ्यांना सुचतंय, बाबा! तेव्हा कुठे होते सगळे?"

"तेव्हा कुणीच मागितला नव्हता हा रकाना?"

"कुणीच ना..." आणि तो अडखळला.

पहिल्याच वर्षी डोंगरातल्या एका शाळेच्या कारकून, शेवंताबाई भांगरे, दोन एसट्या बदलून त्याच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या शाळेत अकरा मुलं अशी होती, की बापाचं नाव लावायचंच नव्हतं. कुणाचा सोडून गेलेला, कुणाच्या आईने सांगायलाच नकार दिलेला. वडिलांचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. आईच्या नावाला जागा द्या, एवढंच बाई म्हणत होत्या.

"एक बाई आल्या होत्या," निरंजन म्हणाला, आणि त्याने ते सगळं सांगितलं.

"मग? काय सांगितलंस त्यांना?"

"टिंब टाका म्हणालो. रिकामा रकाना चालत नव्हता. टिंब चालत होतं."

बुवांचा हात तांदळावरच थांबला.

"अकरा पोरं!" त्यांचा आवाज चढला. मठात असा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. "अकरा आया जित्याजागत्या, आणि पोरांच्या दाखल्यावर टिंब?"

"तेव्हा तसा नियमच नव्हता, बाबा! पुढे नियम येणार हे मला काय स्वप्नात दिसणार होतं?"

"बाई दोन एसट्या बदलून सांगायला आली होती की."

तीन वाजून गेले होते. अध्यक्षांकडे शब्द टाका, हे निरंजनच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. थोड्या वेळाने तो उठला, चपला घातल्या, पण पाय निघेना. आता रागात रडू मिसळलं होतं.

"जाऊ दे. नवं येऊ दे. पण बारा वर्षं हे कुणी चालवलं, एवढं तरी सभेच्या कागदावर राहायला नको? तिथे माझ्या नावाच्या जागी काय लिहायचं त्यांनी?"

बुवांनी परात उचलून हलवली. अक्षरं गेली, चौकोन गेले.

"टिंब टाका म्हणावं."