रिकामी टाकी

एकदा एक फरसाणाचा व्यापारी गॅसची जुनी टाकी घेऊन वेल्डिंगचे काम करणाऱ्या वृद्ध नागोजी पांचाळांकडे आला. टाकी मधोमध कापून तिची भट्टी करायची होती, आणि ती त्याला संध्याकाळपर्यंत हवी होती.

"दोन वर्षं हिची तोटी उघडी आहे," तो म्हणाला. "आत काही उरलेलं नाही."

नागोजींचा शिष्य यल्लाप्पा सहा वर्षे त्यांच्या हाताखाली काम करीत होता. लवकरच तो स्वतःचे दुकान थाटणार होता. त्याने टाकी हलवून पाहिली, तोटीला नाक लावले. वास आला नाही. त्याने कापण्याची ज्योत पेटवली.

नागोजी उठले. शिष्याच्या हातातील ज्योत त्यांनी विझवली, टाकी बाहेर मोकळ्यावर न्यायला लावली, तोटी पान्याने काढली आणि बादलीने आत पाणी ओतू लागले.

व्यापारी वैतागला. "तात्या, मला भट्टी हवी आहे, हौद नको."

नागोजी ओतत राहिले. टाकी अर्धी भरली तेव्हा तिच्या तोंडातून गॅसचा उग्र दर्प बाहेर आला. व्यापारी चार पावले मागे सरला.

"पण मी वास घेतला होता, तात्या," यल्लाप्पा हळूच म्हणाला.

"तोटीचा घेतलास. हा वायू हवेहून जड, तो तळाशी बसून राहतो. तिथला तेलकट गाळही त्याला धरून ठेवतो. टाकी भरलेली असती, तर तू तिच्याजवळ काडीसुद्धा नेली नसतीस. रिकामी म्हटल्यावर तुझी भीती गेली. पण उरलासुरला वायू आणि बाहेरची हवा एकत्र येतात ते रिकाम्या टाकीतच. मग एक ठिणगी पुरते. माझा गुरुबंधू तुझ्याहून कुशल होता. अशीच टाकी फुटून तो गेला, त्या दिवशीही त्याचा हात चुकला नव्हता. त्याने फक्त लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवला."

यल्लाप्पाने टाकी कलती करून ते पाणी ओतून टाकले आणि पुन्हा काठोकाठ भरायला घेतली.

"मग संध्याकाळी येऊ ना?" व्यापाऱ्याने नागोजींना विचारले.

उत्तर यल्लाप्पाने दिले. "उद्या या, शेठ. आज ही नुसती धुवायची आहे."

नागोजी आपल्या जागी जाऊन बसले. वस्तू रिकामी आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती रिकामी करून घेणे मात्र ज्याच्या हाती आग आहे, त्याचेच काम असते.