डब्याची चूळ

माझं शुद्धलेखन कच्चं आणि शब्द साधे आहेत, सांभाळून घ्या.

एका दवाखान्यात थेंबातले अदृश्य कण शोधणारा छोटा डबा होता. तो तिथल्या चहाच्या गाळणीला हिणवायचा, "तुझ्यातून तर पूडही निसटते, गाळणीबाई!"

एकदा पाथरवटाच्या थुंकीत त्याला दगडाचे कण सापडले. लगेच पाथरवटाची बायको यल्लव्वा हिची थुंकी घेऊन तो ओरडला, "हिलाही तेच!" दुधातून लेकीलाही ते कण जातील या भीतीनं तिनं तान्ह्या लेकीला पाजणं थांबवलं. बाळ भुकेनं रडू लागलं.

गाळणी म्हणाली, "अरे, मधे तोंड धुतलंस का? मला प्रत्येक चहानंतर धुतात."

डब्यानं चूळ भरून पुन्हा तपासलं. काहीच नव्हतं, ते कण नवऱ्याचे उरलेले होते. त्यानं तसं कबूल केलं. लेक दूध पिऊ लागली, पण डब्याला गाळणीकडे पाहवेना.

दुसऱ्या सकाळी पेशंट येताच तो म्हणाला, "आधी साधं पाणी घाला. माझ्यातच काय आहे, ते कळू द्या."