भोपळ्याची माफी

एका गावात सगळ्यांना घाई होती. कशाची, ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायला कुणाला वेळ नव्हता. त्या गावाच्या टोकाला शेवंतीची झोपडी होती. आत तिचा पिटुकला भाऊ किसू तीन दिवस तापाने फणफणलेला. आई त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायची, की ती लगेच वाळायची.

"शेवू, पळ! बागेतून गुळवेल आण," आई म्हणाली.

शेवंती पळाली.

बाग दवात चमचमत होती. पिवळी पिवळी फुलपाखरं, निळी निळी गोकर्णाची फुलं, गवताच्या टोकाटोकावर चांदीचे इवलेसे मणी. शेवंतीने यातलं काहीच पाहिलं नाही. आणि तिचा पाय कशाला तरी लागला.

"आई गं!" गवतातून आवाज आला.

शेवंती तीन पावलं पुढे गेली होती. ती मागे आली, वाकली, गवतातल्या बोटभर परीला हळूच हात लावला आणि तो हात आपल्या छातीला लावला. कुणाला पाय लागला की करतात ना, तसं.

"चुकलं माझं. फार लागलं का गं?"

परी बघतच राहिली. तिचा पंख जांभळा होता. गुडघाही.

"सकाळपासून मला एकेचाळीस पाय लागले," ती म्हणाली. "चाळीस जणांनी पळता पळता 'सॉरी' फेकलं. तेही मला लागलं. थांबलीस तू एकटी. माग काय हवं ते. एकच."

"किसूचा ताप जाऊ दे!"

"गेला. आता ताप काही हवेत विरत नाही. तो फक्त घर बदलतो. त्या भोपळ्याकडे गेलाय."

वेलीवरचा गोल गोल भोपळा लालबुंद झाला आणि शिंकला. दोनदा.

"नियम ऐक. दव सुकायच्या आत त्याची माफी मागायची. त्याने माफ केलं तरच ताप तिथे राहील. आणि माफीत 'पण' म्हणायचं नाही."

ऊन चढत होतं. चांदीचे मणी पटापट विझत होते.

"सॉरी हं भोपळेदादा, पण माझा भाऊ..."

भोपळ्याची अर्धी लाली उतरली. झोपडीतून किसूचं कण्हणं ऐकू आलं.

"माफ करा, परंतु..."

"'परंतु' म्हणजे इस्त्री केलेला 'पण'," परी म्हणाली. भोपळा आणखी फिका पडला. किसू रडायला लागला.

आता चारच मणी उरले. शेवंतीचे पाय घराकडे पळायला बघत होते. तिने ते मुडपले आणि त्यांच्यावर बसली.

"भोपळेदादा, तुमच्या डोळ्यांत बघून सांगायचंय. डोळे कुठेत?"

"मलाच कधी सापडले नाहीत," भोपळा म्हणाला. "देठाकडे बघ."

तिने देठाकडे पाहिलं. "मी तुम्हाला न विचारता तुमच्या अंगात ताप घातला. तुम्ही माझं काहीच बिघडवलं नव्हतं. चुकलं माझं."

'पण' जिभेच्या टोकावर आला. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

तीन मणी. दोन. एक.

"झालं बोलून?" भोपळ्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

"आजवर चौदा जण माझ्यावर बसून गेले. कुणी काही बोललंसुद्धा नाही." भोपळ्याने देठ जरासा हलवला. मग म्हणाला, "केलं माफ. ताप राहू दे. मला इथे थंडीच वाजते."

आणि तो देठापर्यंत लालेलाल झाला. शेवटचा मणी विझला.

परी खुदकन हसली. जांभळा पंख सोनेरी झाला, गुडघा गुलाबी. झगमग झगमग उजेड पसरला, बाग क्षणभर सरबतासारखी दिसली, आणि परी त्या उजेडात विरघळून गेली.

शेवंती धापा टाकत घरी पोचली. किसू उठून बसला होता.

"ताई, भूक लागली! खूप!"

आईने डोळे पुसले आणि टोपली उचलली. "थांब राजा, बागेतून काहीतरी आणते. गरमागरम भाजी करू."

शेवंती दारात आडवी उभी राहिली.

"आई, कसलीही कर. भोपळा सोडून."