सकवारआत्याची रांगोळी

फार वर्षांपूर्वी, खडकवळणाच्या घाटात मोटारी नुकत्याच चढू लागल्या होत्या तेव्हा, पायथ्याच्या वाडीत सकवार नावाची घिसाडीण राहायची. सगळे तिला आत्या म्हणत. असं म्हणतात, ती गाडीखाली शिरून हातोडीनं टकटक करायची आणि लोखंड तिला आपलं दुखणं सांगायचं. माणसं मात्र तिच्याशी जपून बोलत, तिची जीभ हातोडीहून जड.

एकदा कोंडिबाच्या पोराचं वऱ्हाड निघालं. लग्न घाटापलीकडे, गोरज मुहूर्तावर. व्याही मोठा तापट. मुहूर्त टळला तर मांडवातल्या दुसऱ्या मुलाला पोरगी देईन, असं त्यानं बजावलेलं. लग्नाची गाडी म्हणून मालकानं मोटारीला खालूनवरून नवा रंग फासला होता. पायथ्याशी पाणी भरायला गाडी थांबली आणि आत्या सवयीनं खाली शिरली. मागच्या चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पाट्यांपाशी हातोडी बद्द वाजली.

"उतरा समदी," ती म्हणाली.

कोंडिबा दारात आडवा झाला. "आत्ये, मुहूर्त टळला तर नवरी गेली!"

"नवरी गेली तर दुसरी मिळंल. वऱ्हाड गेलं तर कुठनं आणू?"

तिनं नवा रंग खरवडला. बायका अपशकुन म्हणून कुजबुजल्या. आवाजावरनं सांगाड्याला तडा असणार, पण तो काही दिसेना. मग तिनं तिथं रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं, वऱ्हाडातलीच रांगोळी वर फासली आणि सगळ्यांना परत गाडीत बसवलं. भार आला तसं तड्यात मुरलेलं रॉकेल बाहेर आलं, पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली आणि वाढत गेली. पाट्याचं एक पान तुटलेलं, त्याचा भार सोसून सांगाडा तडकला होता. आता कोणी 'चल' म्हणेना.

आत्यानं भट्टी पेटवली. आधी रेघेच्या टोकाला भोक पाडलं.

"फाटल्यात आनि भोक?" कोंडिबा ओरडला.

"तडा हितं येऊन थांबतो. म्होरं वाट गावत न्हाई त्याला."

तिनं पान बदललं, तड्यावर जाड पट्टी ठेवली, लालबुंद रिव्हेट ठोकायला घेतले. ऊन डोंगराच्या कडेला टेकलं. कोंडिबा सूर्याला हात जोडून चक्क रडत होता. असं म्हणतात, आत्यानं हातोडी वर रोखली, "थांब रं बाबा, येवढी पट्टी होऊ दे," आणि सूर्य खिंडीत अडकून राहिला. गाडी घाट चढली, अंतरपाट धरला, तेव्हाच तो बुडाला. खोटं वाटत असेल तर त्या जोडप्याच्या नातवंडांना विचारा.

आत्या कधी गेली, कुणाला ठाऊक नाही. पण आजही वऱ्हाडाची गाडी पायथ्याशी थांबते. नवरदेव मुंडावळ्यांसकट खाली शिरतो आणि पाट्यांपाशी रॉकेल चोळून, पुसून रांगोळीचं बोट ओढतो. मग सगळे आत बसतात, बँडवालेसुद्धा. रांगोळी कोरडी राहिली की तो हाक देतो, "आत्ये, निघतो गं!" आणि मगच गाडी हलते. घाटापलीकडे मांडव ताटकळतो, पण दुसऱ्या मुलाचं नाव कोणी काढत नाही.