मामाची मिशी लख्ख आली

इस्वास ठेवून दाखव. पैज लाव, ह्यातला एक शबूद तुला खरा वाटायचा न्हाई. मी खोटारडी हाय ह्ये सगळ्या गावाला ठावं हाय. तरी बसलायस न्हवं? ऐक मंग.

“बुवा, शेवटचं विचारतो. फोकसचा एकच ठिपका ठेवू, की सगळी चौकट मोकळी सोडू?”

ह्ये इचारनारा हर्षद. तालुक्याचा पोरगा, लग्नाचं फोटू काढतो. इचारलं कुनाला, तर माज्या धाकट्या भावाला, लिंबाजीला. त्येनं जलमभर बाजारात फोटूचं दुकान चालवलं, बायको गेली तसं शटर ओढलं आन् हितं म्हादेवाच्या देवळात येऊन बसला. दाढी वाढली, लोक बुवा म्हनाया लागलं. मी सोनाक्का, त्येची थोरली भैन. भाकरी मी थापते, लोक पाया त्येच्या पडत्यात.

लिंबाजी शेंगा फोडत बसला.

“नवीन कॅमेरा घेतलाय, बुवा. मिररलेस. आत आरसाच नाही.”

“मंग भांग कसा पाडतोस?” म्या इचारलं.

“आज्जी, तुम्ही थांबा जरा. बुवा, हा डोळा ओळखतो. आपोआप! माणसाचा, कुत्र्याचा, पक्ष्याचा. डोळा दिसला की त्यावर हिरवी चौकट बसते. मग माणूस हलू दे, चालू दे, चौकट सोडत नाही.”

“मंग कशाला आलायस?” म्या इचारलं.

“...गेल्या आठवड्यात एक लग्न होतं. मंगलाष्टका संपल्या, अंतरपाट खाली आला. तो एकच क्षण असतो, बुवा. नवरी पहिल्यांदा वर बघते. आणि फोटोत नवरी धुक्यात! मागे तिचा मामा उभा. मामाच्या मिशीचा केस न् केस लख्ख!”

मला असं हसू फुटलं, तोंडातला शेंगदाना नाकात गेला.

“हसू नका आज्जी. नवरी रडली. मामानं तेवढा फोटो मोठा करून मागितलाय.”

लिंबाजी शेंगाच फोडत हुता.

“परवा माझ्या बहिणीचं लग्न आहे,” हर्षद म्हनला. “रेवतीचं. वडील नाहीत आम्हाला. दुसरा फोटोग्राफर ती ठरवूच देत नाही. ‘दादा, त्या वेळी तू समोर हवास,’ म्हणाली.”

“एवढंच म्हनली?” लिंबाजीनं इचारलं.

“एवढंच. ते चुकलं तर मी तोंड कसं दाखवू तिला? म्हणून म्हणतो, सेटिंग सांगा.”

लिंबाजीनं शेंग खाली ठेवली. “ठिपका बारीक कर. भैनीच्या तोंडावर ठेव.”

“पण मधे अंतरपाट! ठिपका कापडावर बसेल.”

“मंग मोकळा सोड.”

“मग मामाला धरेल!”

“मंग हातानं फिरव भिंग.”

“हातानं?” कुनी बैलगाडीनं पुन्याला जा म्हनावं, तसं बगितलं पोरानं. “नको. त्यापेक्षा ठिपकाच ठेवू का?”

लिंबाजीनं परत शेंग उचलली.

“की फोकस मागच्या बटणावर घेऊ?”

लिंबाजीनं कपाळ धरलं. मला म्हनला, “आक्का, ह्येला कुटं तरी घिऊन जा. माजं डोस्कं उठलं.”

“बुवा, पाया पडतो. सेटिंग!”

लिंबाजी उठला. खांद्यावरचा पंचा काढला, एक टोक देवळाच्या खांबाला बांधलं, दुसरं हातात धरून पल्याड बसला.

“ह्यो अंतरपाट. म्या पाडला की माजा फोटू काढ. डोळा लख्ख आला पायजे.”

हर्षदला केवढा आनंद! क्यामेरा काढला, मान खाली घातली आन् बटनं दाबाया लागला.

पंच्याच्या कडंनं लिंबाजीनं मला डोळा मारला.

जलमभर मी ह्येच्या खोड्या काढल्या, आन् आज त्योच मला बलवतोय. मी काय बसून ऱ्हाते व्हय? उठले. हर्षदच्या म्होरनं, पार नाकाम्होरनं गेले, जोडवी वाजवत. जाता जाता रामराम बी घातला.

“हां, हां,” म्हनला. मान वर न्हाई केली.

मी पंच्यामागं बसले. लिंबाजी टोक धरूनच शेजारच्या खांबाआड सरकला. म्या कवळी काढली, वटीत ठेवली, आन् जीभ भाईर काढली.

“झालं का?” लिंबाजी म्हनला.

“झालं, बुवा. हलू नका हां.”

पंचा पडला.

क्यामेरा किर्रर्र वाजला.

“आला! बुवा, आला!” पोरगं नाचाया लागलं. क्यामेऱ्याच्या पडद्यावर दोन बोटं फिरवत, फोटू मोठा मोठा करत खांबापाशी गेलं आन् क्यामेरा लिंबाजीच्या तोंडाम्होरं धरला. “हे बघा. पापणीचा केस न् केस! बुबुळात देऊळ दिसतंय!”

सगळ्या पडद्यावर निस्ता एक डोळा.

“कुनाचा हाय?”

“तुमचा.”

लिंबाजी खांबाला टेकून हुबा.

हर्षदनं त्येच्याकडं बगितलं. मंग पंचा पडला हुता तिकडं बगितलं. म्या जीभ अजून आत घेतली न्हवती.

त्येनं बोटानं फोटू बारीक केला. सावकास. डोळा. मंग नाक. मंग माजं बोळकं.

“पण... मी समोरच होतो.”

“हुतास.”

“मी हिरवी चौकट बघत होतो, बुवा.”

पोराचं डोळं भरलं. मला बी जरा कसंतरीच झालं, म्या कवळी तोंडात घातली. म्हनलं, झालं, कळलं बिचाऱ्याला.

आन् देवाशप्पत सांगते, त्येनं काय इचारावं?

“बुवा... ती चौकट बंद करायचं सेटिंग कुठं असतं?”

लिंबाजीनं डोळं मिटलं. मला वाटलं, आता हुडकतोय पायातली वहान, हानायला.

मंग त्येनं खांबाचं टोक सोडलं. पंचा झटकला, घडी केली, आन् हर्षदच्या हातात दिला.

“परवा अंतरपाट तू धर. भैन म्हनली न्हवं, त्या वक्ताला तू समोर हवास?”

“मी? मग फोटो कोण काढणार?”

“क्यामेरा तुज्या मामाला दे.”

...

आता तू असा तोंड वासून काय बगतोस? फोटू कसा आला, ते मी न्हाई सांगनार. तव्यावर भाकरी हाय माजी. ऊठ, जा आता.