शापूरचं नाव आणि शहापूरचा हंडा

"ऐका हो ऐका! शहापूर गावानं खाविंदांचं नाव चोरलंय! उद्या दुपारच्या आत ते नाव गडावर आणून खाविंदांच्या हवाली करा, नाहीतर गावाला आग लावली जाईल!"

दवंडीवाला ढोल बडवून थांबला आणि गाव कपाळाला हात लावून बसलं. गाडीभर धान्य मागितलं असतं तर कुठून तरी उभं केलं असतं. पण नाव कशात भरून न्यायचं?

खाविंद म्हणजे गडावरचे दिलावर. मुलूख एवढासा, की या टोकाला कुणी शिंकलं तर त्या टोकाच्या म्हातारीने 'शतंजीव' म्हणावं. मिजास मात्र इराणच्या तख्ताची! इराणात शापूर नावाचे तीन थोर बादशहा होऊन गेले, असं दरबारातल्या म्हाताऱ्या किस्सेदाराच्या तोंडून त्यांनी एकदा ऐकलं. झालं! दुसऱ्या दिवशी दिलावर हे नाव जुन्या जोड्यासारखं टाकून स्वारी शापूर झाली. त्याने उंची काही वाढली नाही, पगडी तेवढी वाढली. मग हुकूम सुटला, की या मुलखात त्या नावाचं दुसरं कुणी नको. शोध घेतला तर माणूस एकही सापडेना. सापडलं ते गाव, तेही खाविंदांच्या पणजोबांच्या आधीपासून तिथे असलेलं.

"शहापूर काय नि शापूर काय, एकच!" खाविंद गरजले. भरल्या दरबारात एकाही शहाण्याची तोंड उघडायची छाती झाली नाही. पगार घेऊन माना डोलवणाऱ्यांकडून दुसरं काय व्हायचं!

गावात ठकू नावाची तंबू शिवणारी बाई होती. तिची आई खाटेला खिळलेली. गाव पेटलं तर तिला उचलून न्यायची कुठे, या विचाराने ठकूचं डोकं भणभणलं होतं, आणि त्याहून जास्त तिला राग आला होता. दवंडीवाला खाविंदांचं कौतुक गात होता, "तीन शापूरांचे वारस! पहिल्यानं रोमच्या बादशहाला कैद केलं! दुसऱ्याला आईच्या पोटात असतानाच मुकुट चढला!"

"आणि तिसऱ्यानं काय केलं रं?" ठकूने विचारलं.

दवंडीवाला घुटमळला. "ते मला सांगितलं न्हाई बा."

तिघांची नावं घ्यायची आणि पराक्रम दोघांचेच सांगायचे? ठकूने तडक गड गाठला आणि किस्सेदाराला एकट्याला गाठून तोच प्रश्न विचारला. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ठकू हसत हसत गावात परतली.

"पाटील, गावजेवणाचा हंडा बाहेर काढा!"

"अगं, गाव जळायची वेळ आली आणि तुला जेवण सुचतंय व्हय?"

"काढा तर खरं!"

दुसऱ्या दिवशी गावातल्या गड्यांनी तो अजस्र हंडा दरबारात आणून आदळला. वर फडकं बांधलेलं. पुढे ठकू.

"हे काय?" खाविंदांनी भुवया उंचावल्या.

"आपलं नाव आणलंय, खाविंद."

"एवढ्याशा नावाला एवढा हंडा?"

"एवढंसं? खाविंद, आपणच आपल्या नावाला नावं ठेवता व्हय?"

एका सरदाराला हसू आवरेना. त्याने ते खोकल्यात दडवलं. खाविंदांनी स्वतः फडकं ओढलं, ते आत डोकावले आणि लालबुंद झाले.

"यात तर तंबू आहे!"

"आहेच की. आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत न्हाईत. वाटीभर ताक आणलं, तर वाटी देताना चिमूटभर साखर तरी घालतोच आम्ही. मग खाविंदांचं नाव रिकामं कसं द्यावं? पहिल्या शापूराचा कैदी न् दुसऱ्याचा मुकुट आपण आधीच घेतलाय, दवंडीत ऐकलं. तिसऱ्याचं तेवढं ऱ्हायलं होतं. ते घातलंय."

"तिसऱ्याचा तंबू?"

"सांगा की किस्सेदारबाबा!"

किस्सेदार चाचरत उठला. "हुजूर... तिसरे शापूर तंबूत बसले होते. त्यांच्याच सरदारांनी दोऱ्या कापल्या. तंबू अंगावर कोसळला आणि... ते तिथेच संपले."

तोवर ठकूच्या गड्यांनी हंड्यातला तंबू तिथेच उभारलासुद्धा!

"या खाविंद. आत बसा न् नाव घ्या."

खाविंदांनी तंबूकडे पाहिलं. मग सरदारांकडे पाहिलं. सगळे सरदार एकाएकी आपापल्या जोड्यांकडे निरखून बघू लागले होते.

"आणि... दोऱ्या कोण धरणार?"

"आम्हीच धरू की! ज्यांचं नाव आपण काढून घेताय, ती बिननावाची माणसं. उद्या कुणी विचारलं दोरी कुणी सोडली, तर कुणाचं नाव सांगणार?"

खाविंद दोन पावलं मागे सरकले आणि सिंहासनाच्या पायरीला अडखळून मटकन खाली बसले. पगडी नाकावर आली.

"नको! नको मला ते नाव!"

"बघा मंडळी, आम्ही आणून दिलं होतं," ठकू दरबाराकडे वळून म्हणाली. "खाविंदच घेत न्हाईत. मग आमचं आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

पगडीखालून आधी एक हुंकार आला, मग खूऽ खूऽ असा आवाज, आणि मग खाविंद पोट धरून असे हसले की पगडी घरंगळत ठकूच्या पायाशी गेली. सरदारांनाही तेव्हा कुठे हसायची परवानगी मिळाली.

"ठेवा, शहापूर तुमचंच! आणि आम्ही आपले दिलावरच बरे!" डोळे पुसत खाविंद म्हणाले. "उचला तुमचा हंडा. अरे, पण थांबा! रिकामं भांडं परत द्यायचं नसतं ना? खजिनदार, भरा हा हंडा मोहरांनी! काठोकाठ!"

हंड्याकडे बघून खजिनदाराचा चेहरा उतरला. "बाई, नाव आणायला एखादी वाटी पुरली नसती का गं?"

"पुरली असती की," ठकू म्हणाली. "पण परत काय मिळायचं, तेबी बघाया नको व्हय!"