चिकटवलेली उत्तरं

कचेरीतलं सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांना कितपत जमतं, याची चाचणी ठरत होती. मोहितेसाहेब गरजले, "चाचणी कसली? तीन वर्षांत एक तक्रार नाही! बसवा आमच्या धोत्रेबाईंना, दोन मिनिटांत नोंद करतील."

आवक विभागातल्या धोत्रेबाईंनी संगणकाच्या पडद्याभोवती चिकटवलेल्या सत्तावीस चिठ्ठ्या सोलून काढल्या. ‘हिरवं बटण दाबू नये.’ ‘दोनदा सेव्ह करावे.’

"आता तुम्हीच बसा, साहेब."

अर्ध्या तासात साहेबांची नोंद तीनदा पुसली गेली. "मग तक्रार का नाही केलीत?"

"केल्या की! तुमचं उत्तर येईना, म्हणून आम्हीच उत्तरं लिहून चिकटवली."

साहेबच ते. चाचणी रद्द केली, आणि सोमवारी आदेश काढला: सत्तावीस चिठ्ठ्या छापून प्रत्येक संगणकावर लावाव्यात.

बाईंनी लावल्या. खाली अठ्ठाविसावी स्वतःच्या हाताने लिहिली: ‘तक्रार करू नये. चिठ्ठी वाढते.’